कोकण: भूगोल, संस्कृती आणि अर्थकारण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणाविषयी पुढील प्रश्न प्रवासी, विद्यार्थी, जमीन घेऊ पाहणारे शहरी लोक आणि मुंबईत वाढलेली कोकणी घरांतली तिसरी पिढी या सर्वांकडून येतात. उत्तरांचा भर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांवर आहे. मुंबई, ठाणे आणि पालघर यांचे अर्थकारण इतके वेगळे आहे की त्यांचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

कोकण म्हणजे नेमका कोणता भाग?

सह्याद्रीची धार आणि अरबी समुद्र यांच्यामधला चिंचोळा पट्टा म्हणजे कोकण. प्रशासकीय दृष्ट्या कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, तर पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. किनाऱ्याची लांबी सुमारे ७२० किलोमीटर अशी वर्षानुवर्षे पुस्तकांत छापली जात आहे, आणि रुंदी बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास आहे. स्थानिक बोलण्यात मात्र जिल्ह्यापेक्षा ‘खालाटी’ आणि ‘वलाटी’ हा भेद अधिक कामाचा ठरतो. खालाटी म्हणजे समुद्राकडचा, खाड्यांचा, माडा-पोफळींचा भाग. वलाटी म्हणजे घाटाच्या पायथ्याचा डोंगराळ भाग. एकाच तालुक्यातल्या या दोन भागांत जेवण, पिके आणि हाती येणारा पैसा यांत बराच फरक आढळतो.

येथे एवढा पाऊस का पडतो?

जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. त्यामुळे किनाऱ्यावरील रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर घाटमाथ्यावरच्या आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो. धार ओलांडून पूर्वेला उतरले की हेच वारे कोरडे पडतात आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. कोकणातला जवळजवळ सगळा पाऊस या चार महिन्यांतच पडून जातो, हे पुढील प्रश्नासाठी लक्षात ठेवावे.

इतका पाऊस पडत असताना एप्रिल-मेमध्ये टँकर का लागतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर जमिनीत आहे. सह्याद्रीच्या धारेपासून समुद्रापर्यंतचे अंतर कमी आणि उतार तीव्र असल्यामुळे वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड, कर्ली या नद्या लांबीने आखूड आणि वेगाने वाहणाऱ्या आहेत. डोंगरावर पडलेले पाणी थोड्याच वेळात खाडीला मिळते. त्यातच मोठ्या भूभागावर जांभा खडकाचे आवरण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झिरपते, खालच्या घट्ट थरापर्यंत जाते आणि तिथून आडवे वाहत झऱ्यांच्या रूपाने उताराच्या पायथ्याशी बाहेर पडते. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, वाडीतली विहीर म्हणूनच मार्चअखेर तळ गाठते, आणि त्याच गावातल्या खालच्या वाडीत पाणी असते.

मोठी धरणे बांधण्याजोगे रुंद खोरे येथे कमी. पूर्वी गावे नोव्हेंबरच्या सुमारास वहाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, दगड-मातीचे कच्चे बंधारे श्रमदानाने घालत असत आणि त्या पाण्यावर वायंगणी (उन्हाळी) भात किंवा भाजीपाला घेत असत. ही पद्धत मागे पडली, कारण वाडीत बंधारा घालणारे हातच उरले नाहीत. एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे: पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला आणून पोफळी परिसरात त्यावर वीज निर्माण केली जाते आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. घाटापलीकडून आलेले हे पाणी बाराही महिने चिपळूणजवळून वाहत जाते, तरी त्याच तालुक्यातल्या डोंगरवाड्या उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लावतात. वर उचलून नेण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

चिपळूण आणि महाड यांना पुन्हा पुन्हा पूर का येतो?

दोन्ही शहरे नदी डोंगरातून सपाटीवर उतरते आणि भरतीचे पाणी जिथवर पोहोचते, अशा सांध्यावर वसली आहेत. गलबते खाडीतून आत येत होती त्या काळात व्यापारासाठी ही उत्तम जागा होती. घाटात अतिवृष्टी आणि समुद्राला मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही तारखा चिपळूणकरांच्या बोलण्यात अजून येतात. २०२१ च्या त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. पात्रात साचलेला गाळ, पूररेषेच्या आतली बांधकामे आणि रस्त्यांसाठी उभे कापलेले डोंगर या तिन्हींनी धोका वाढवला आहे.

सडा म्हणजे पडीक जमीन का?

महसुली कागदांवर तसे लिहिलेले असते, प्रत्यक्षात तसे नसते. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. उन्हाळ्यात ते काळे आणि निर्जीव दिसते, तर पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साचून तिथे रानफुलांची दाट चादर पसरते. गुरांना चारा, घराला चिरा (बांधकामाचा जांभा दगड) आणि खालच्या वाडीच्या झऱ्यांना पाणी या सड्यावरूनच मिळते.

शिवाय याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. हत्ती, वाघ, मासे, मनुष्याकृती आणि अर्थ न लागलेल्या भौमितिक रचना कातळात कोरलेल्या असून त्यांची संख्या हजारावर गेली आहे. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि आणखी काही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. गुराख्यांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. अभ्यासक त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचले.

येथील मुख्य पिके कोणती?

खाचरांत भात, डोंगरउतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या, जमिनीत नाचणी आणि वरी, भातानंतरच्या ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी. किनाऱ्याला नारळ-सुपारीच्या बागा आणि त्यांत मिरी, जायफळ. भातशेती बहुधा घरापुरतीच असते. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फलोद्यान कार्यक्रमाने वरकस जमिनींवर आंबा आणि काजू यांची मोठी लागवड झाली आणि डोंगरांचे रूप पालटले. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले; ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंबे, तसेच वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत.

हापूस इतका महाग का असतो, आणि खरा हापूस कसा ओळखावा?

हापूसचे झाड लहरी आहे. ते एका वर्षी भरघोस फळते आणि पुढच्या वर्षी हात राखते. पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबला की पालवी फुटत राहते आणि मोहोर मागे पडतो. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी मोहोर खातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन अचानक चढले की सुपारीएवढी फळे गळतात. फवारण्यांचा खर्च फळ हाती येण्याच्या कितीतरी आधी होऊन बसतो आणि बरेच बागायतदार तो मुंबईच्या दलालाकडून उचल घेऊन भागवतात. ज्याची उचल घेतली त्याच्याकडेच माल पाठवावा लागतो, त्यामुळे भाव ठरवताना बागायतदाराचा शब्द हलका पडतो.

काढणीचे काम नाजूक असते. साधारण चौदा आणे तयार झालेले फळ सकाळच्या वेळी झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने), देठ राखून उतरवावे लागते. देठ मुळाशी तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. उतरवलेली फळे सावलीत ठेवून वजनानुसार निवडली जातात. घरच्यासाठी भाताच्या पेंढ्यात अढी घालतात आणि आठ-दहा दिवस रोज चाळून पिकलेले फळ वेगळे काढतात. एवढे करूनही साक्याची भीती राहतेच. साका लागलेला आंबा बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. कोणत्याही व्यापाऱ्याला तो सालीवरून ओळखता येत नाही.

२०१८ मध्ये ‘हापूस’ या नावाला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परराज्यातला, दिसायला तसाच आंबा याच नावाने विकला जातो. ग्राहकाने पेटीवरील छपाईवर भिस्त ठेवू नये. पिकल्यावर साल पातळ होणे, देठाजवळ गाढ गंध येणे आणि गर केशरी असणे या खुणा आहेत. परंतु ओळखीच्या बागायतदाराकडून थेट घेणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग होय.

काजू आणि कोकम यांतून उत्पन्न मिळते का?

मिळते, आणि आंब्यापेक्षा कमी धाकधुकीचे मिळते. काजू पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर आला. मात्र बीचा भाव आयात मालाच्या भावावर हेलकावे खातो आणि बोंडे मोठ्या प्रमाणावर झाडाखाली कुजून जातात. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडांची फेणी होते, इकडे परवान्यांच्या गुंत्यात तो उद्योग उभा राहिला नाही. कोकमाची आमसुले आणि आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) घरोघरी होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन आहे.

मासेमारीतला वाद नेमका कशाचा आहे?

वाद यांत्रिक आणि पारंपरिक मच्छीमारांमधला आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर रापण ही जुनी सामुदायिक पद्धत आहे: होडीने अर्धवर्तुळात लांब जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायची. मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रिवाजाने वाटे होतात. ही पद्धत मासे किनाऱ्याजवळ येण्यावर अवलंबून आहे. पर्ससीन, म्हणजे बटव्यासारखे आवळले जाणारे मोठे जाळे वापरणाऱ्या, नौका बांगडा-तारलीचे थवेच्या थवे समुद्रातच घेरतात आणि प्रखर एलईडी दिव्यांवर मासळी खेचून पकडतात, अशी रापणकरांची तक्रार असते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीनवर कडक निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. तक्रार आता अंमलबजावणीच्या ढिलाईची आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. तांडेल (नौकेचा प्रमुख) रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा असला तरी त्याच्या नौकेवर हल्ली नेपाळी खलाशी दिसतात, आणि आंब्याच्या बागांत राखणीलाही नेपाळीच असतात.

कोकणातली माणसे मुंबईला का गेली?

खाचरे लहान, खोतीचा जाच मोठा आणि बोटीने मुंबई जवळ, अशी ती कारणे होती. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलदार. त्याच्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ ते १९३९ असा दीर्घ शेतकरी संप झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. तोवर गिरण्यांच्या चाळी कोकणी माणसांनी भरलेल्या होत्या. गावाकडची चूल मनीऑर्डरवर पेटत होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती मनीऑर्डरही आटली, तरी परत येणारे थोडेच निघाले.

२०११ च्या जनगणनेत याचा परिणाम स्वच्छ दिसतो. महाराष्ट्रात दहा वर्षांत लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांवर आहे, मात्र शिकलेल्यांपुढे गाव सोडण्यावाचून फारसे पर्याय नाहीत.

साधनसंपत्ती असूनही विकास का अडतो?

माणसांचा आळस, पुढाऱ्यांची उदासीनता अशी उत्तरे सर्रास दिली जातात. माझ्या मते खरा अडसर सातबाऱ्यावर आहे. आजोबा-पणजोबांच्या नावावरची जमीन वाटणी न होता सामाईक राहिली, वारसांची नावे वाढत गेली आणि आज एकेका लहानशा तुकड्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार आढळतात. त्यांतले कोणी मुंबईत, कोणी बडोद्यात, कोणी आखाती देशात, काहींचा ठावठिकाणाच नाही. कलम लावायचे, बँकेचे कर्ज काढायचे, न्याहरी-निवासासाठी दोन खोल्या बांधायच्या किंवा सरकारी अनुदान घ्यायचे म्हटले की सर्वांची संमती हवी. एकाने आडमुठेपणा केला की काम थांबते, आणि आडमुठेपणा करणाऱ्याचेही बहुधा जुने, रास्त गाऱ्हाणे असते. जमीन पडून राहते, रान वाढते, रानडुक्कर आणि माकडे शेजारच्या कसलेल्या शेतातही शिरतात, आणि मग तो शेजारीही कसणे सोडतो. मोठ्या प्रकल्पांच्या घोषणांपेक्षा वाटणीपत्रांची आणि मोजणीची एखादी नेटाची मोहीम येथे अधिक उपयोगी पडेल.

मग मोठ्या प्रकल्पांना विरोध का होतो?

विरोध सरसकट नसतो. लोटे परशुराम येथील रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याचा खाडीतल्या मासेमारीवर झालेला परिणाम लोकांनी पाहिला आहे. गुहागर तालुक्यातील एन्रॉनचा वीजप्रकल्प वाजतगाजत आला आणि २००१ मध्ये बंद पडला. पुढे तो सरकारी कंपन्यांच्या सहभागातून पुन्हा उभा करावा लागला. जैतापूरच्या नियोजित ९९०० मेगावॉट अणुप्रकल्पाला आणि नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला विरोध झाला; नाणारचे भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झाले आणि २०२३ मध्ये तोच वाद बारसूच्या सड्यावर पेटला. आंबा आणि मासळी या दोन्हींवर धूर आणि गरम पाणी यांचा परिणाम होईल ही भीती आहे, तशीच परगावच्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याचा रागही आहे. रोजगार हवा असणारे तरुण त्याच गावांत आहेत, आणि एका घरात दोन मते असतात.

शिमगा आणि गणपती यांना एवढे महत्त्व का?

गणपती घरचा आणि शिमगा गावाचा, असे थोडक्यात सांगता येईल. गणपतीला कुटुंब जमते. शिमग्याला ग्रामदैवत स्वतः पालखीतून घरी येते. रत्नागिरीकडे देवाला रूपे (धातूचे मुखवटे) लावून पालखी सजवतात, ती सहाणेवर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते, मग ठरलेल्या क्रमाने वाडीवाडीतून फिरते आणि सुवासिनी तिची ओटी भरतात. काही गावांचे शिमगे तेरसेचे, काहींचे पौर्णिमेचे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाचा, हे मानपान ठरलेले असतात आणि त्यांवरून कोर्टकज्जेही झाले आहेत.

गाऱ्हाणे हा या सगळ्याचा गाभा होय. मानकरी देवापुढे उभा राहून मोठ्याने, एका लयीत मागणे मांडतो: मुंबईला असलेल्या लेकरांची राखण कर, कोणाची नोकरी अडली असेल ती मार्गी लाव, इडापिडा टाळ. प्रत्येक वाक्यागणिक जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. देवाच्या मूर्तीला तांदूळ किंवा कळ्या लावून, उजवी पडली की डावी यावरून कौल घेतला जातो. सिंधुदुर्गातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसे येतात, पण तिची तारीख पंचांगात नसते. ती दरवर्षी रूढीप्रमाणे ठरवून जाहीर करतात.

दशावतार आणि नमन यांत फरक काय?

दशावतार तळकोकणचा, म्हणजे सिंधुदुर्गाकडचा; नमन-खेळे आणि जाखडी हे लोककलाप्रकार रत्नागिरीकडचे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कलाकार पेटाऱ्याजवळ बसून स्वतःचा रंग स्वतः लावतात, कथानक थोडक्यात ठरते आणि संवाद रंगमंचावर उभे राहून रचले जातात. आधी गणपती, सरस्वती आणि संकासुराचा आडदशावतार, मग पौराणिक आख्यान. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करतात. जत्रांच्या हंगामात प्रयोग मध्यरात्री सुरू होऊन पहाटे दहीकाल्याने संपतो.

मालवणी ही मराठी आहे की कोकणी?

अभ्यासकांत दोन्ही मते आहेत. बोलणाऱ्यांना या वादात फारसा रस नसतो. किनाऱ्यावर मालवणीखेरीज संगमेश्वरी, चित्पावनी, दालदी, आगरी, कोळी अशा अनेक बोली आहेत.

पावसाळ्यात कोकणात राहायचे तर काय तयारी लागते?

मे महिन्यात ‘आगोट’ भरली जाते, म्हणजे चार महिन्यांची बेगमी होते. लाकूडफाटा पडवीत रचतात, मालवणी मसाला कुटून ठेवतात, आमसुले, फणसाच्या आठळ्या, कुळीथ, सुके बांगडे आणि सुकट डब्यांत भरून ठेवतात. घराच्या पश्चिमेला माडाच्या चुडत्यांचे झाप बांधत असत, आता तिथे प्लॅस्टिक किंवा पत्रा दिसतो. ताजी मासळी बंद असताना कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज आणि सुक्याची चटणी यांवर घरे चालतात. पाहुण्यांनी जुलैत सुरमईचा आग्रह धरू नये.

पावसाळ्यात प्रवास कसा करावा?

शक्यतो रेल्वेने. कोकण रेल्वेचा रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत सलग सुरू झाला. त्यावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच आहे. पावसाळ्यात वेगळे, संथ वेळापत्रक लागू होते, म्हणून तिकिटावरील वेळ पुन्हा तपासावी. गणपतीची आरक्षणे खिडकी उघडल्यानंतर मिनिटांत संपतात.

रस्त्याने यायचे असेल तर मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण अनेक वर्षे रखडत चालले आहे, हे धरून वेळ काढावी. कोल्हापूर किंवा कराडहून येणाऱ्यांनी आंबा, करूळ, फोंडा, आंबोली आणि कुंभार्ली यांपैकी कोणता घाट खुला आहे याची त्या दिवशीच चौकशी करावी, कारण एक दरड कोसळली की वाहतूक वळवून दुसऱ्या घाटाने न्यावी लागते आणि चार तासांचा प्रवास आठ तासांचा होतो. घाटात रात्री उतरू नये. नदीच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर स्थानिक वाहनचालक थांबले आहेत की नाही ते पाहावे आणि त्यांच्यामागे थांबावे.